एडीसच्या अळीतला ग्रेगॅरीन: कोपरखैरणे ते बेलापूर, एका नावाचा शोध

खरं तर हे प्रोजेक्ट परजीवींचं नव्हतंच. एमएस्सी झूलॉजीच्या दोन विद्यार्थिनी, आणि विषय अगदी साधा: नवी मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये साठवलेल्या पाण्यात एडीस डासाच्या अळ्या कुठे आणि कसल्या भांड्यात सापडतात, एवढंच बघायचं होतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोपरखैरण्यातल्या एका सोसायटीत गेलो. मीटर रूमच्या मागे निळा ड्रम, वर अर्धवट झाकण, पाणी स्वच्छ आणि आत अळ्यांची नुसती वळवळ. वॉचमनकाका म्हणाले, "अळ्या न्या मॅडम हव्या तेवढ्या, पण ड्रम उपडा नका करू, दुपारी पाणी जातं तेव्हा जिने पुसायला ह्यातलंच घेतात." हे लक्षात ठेवा, कारण तो ड्रम कधी पूर्ण रिकामा होत नव्हता, वरून भरला जायचा, आणि त्यामुळेच त्यातल्या मोठ्या डासांकडून पुढच्या पिढीच्या अळ्यांकडे काहीतरी जात राहिलं होतं.

कॉलेजात येऊन चौथ्या अवस्थेतली एक अळी स्लाइडवर सलाइनच्या थेंबात ठेवली. एका सुईने छातीचा भाग दाबून धरायचा आणि दुसऱ्या सुईने शेपटीकडचे शेवटचे खंड अगदी हळू ओढायचे, घाई केली की तुटतं, जमलं की आतडं अख्खं बाहेर येतं, बारीक पांढरट दोऱ्यासारखं, मधे खाल्लेल्या घाणीचा काळपट पट्टा. मी फक्त आतडं कसं काढतात ते दाखवत होते. मायक्रोस्कोपवर बसलेली मुलगी म्हणाली, "मॅडम, ह्यात जंत आहेत." मी बघितलं तर आतड्याच्या फाटलेल्या जागेतून लांबट, एका टोकाला जाड आणि दुसरीकडे निमुळत्या अशा वीसएक आकृत्या बाहेर येत होत्या. जंत असता तर चाबकासारखा वळवळला असता. ह्या वळवळत नव्हत्या, अंग न वाकवता, पाय नाही शेपूट नाही, काचेवरून तेल ओघळावं तशा सरळ सरकत होत्या. प्रत्येकीच्या आत एक स्वच्छ गोल ठिपका, म्हणजे केंद्रक. एकच केंद्रक, म्हणजे शंभर-दीडशे मायक्रॉन लांबीची ती अख्खी आकृती एकच पेशी.

मी विचारलं, बीएस्सीला गांडुळातला मोनोसिस्टिस काढला होता ना, आठवतोय? दोघींचे चेहरे उजळले. त्याच घराण्यातला हा, ग्रेगॅरीन, म्हणजे कीटक-गांडुळांसारख्यांच्या अंगात राहणारा एकपेशी परजीवी. झुरळात मिळणाऱ्या ग्रेगॅरिनाच्या अंगाला मधे पडदा असतो, दोन भाग स्पष्ट दिसतात, ह्याच्यात तसा पडदा नव्हता. एडीसच्या अळीत, मधल्या आतड्यात, पडदा नसलेला ग्रेगॅरीन, म्हणजे अॅस्कोग्रेगॅरिना क्युलिसिस. मी हे बोलले आणि मुलीने वहीत लिहूनही टाकलं. पुढचे तीन महिने गेले ते ह्या एका ओळीमागे.

ह्या नावाला इतिहास आहे आणि तो आपल्याच देशातला आहे. प्राण्याच्या पूर्ण नावापुढे कंसात रॉस, १८९८ असं लागतं. हा तोच रोनाल्ड रॉस, ज्याने २० ऑगस्ट १८९७ला सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी पाहिला. डास फाडता फाडता त्याला त्यातले बाकीचे रहिवासीही दिसत होते, त्यातलाच हा. रॉसचं नाव कंसात असतं कारण त्याने ज्या वंशात, म्हणजे जीनसमध्ये, हा प्राणी ठेवला तो वंश पुढे बदलला, आणि प्राणिशास्त्राच्या नियमाप्रमाणे वंश बदलला की मूळ नाव देणारा कंसात जातो. मधे बरीच वर्षं लँकेस्टेरिया ह्या वंशात होता, मग अॅस्कोसिस्टिस, मग ते नाव आधीच दुसऱ्या प्राण्याला दिलेलं निघालं म्हणून १९८२ मध्ये अॅस्कोग्रेगॅरिना. त्याच्या दोन वर्षं आधी, १९८० मध्ये, एडीस अल्बोपिक्टस म्हणजे टायगर मॉस्किटोमधल्या ग्रेगॅरीनला वेगळी जात म्हणून अॅस्कोसिस्टिस तैवानेन्सिस हे नाव मिळालं होतं, वंशाचं नाव बदलल्यावर तीही अॅस्कोग्रेगॅरिना तैवानेन्सिस झाली.

तर नेहमीचा हिशोब असा की डास एडीस एजिप्टाय असेल तर परजीवी क्युलिसिस, आणि डास अल्बोपिक्टस असेल तर तैवानेन्सिस. म्हणजे परजीवीची ओळख त्याच्या घरमालकावरून. मीही तेच केलं होतं. दोन्हीचे ट्रोफोझोइट, म्हणजे अळीच्या आतड्यात खाऊन वाढणारी ती सरकणारी अवस्था, शेजारी ठेवले तर फक्त नजरेने खात्रीने सांगता येत नाही. ऊसिस्ट, म्हणजे पाण्यातून पुढच्या अळीपर्यंत पोचणारी कवचातली अवस्था, दोन्हीचे लिंबाच्या आकाराचे, मापात थोडा फरक पण मापं एकमेकांवर चढतात. आणि प्रयोगशाळेत एकाचा ग्रेगॅरीन दुसऱ्याच्या अळीला खायला घातला तर शिरकाव होतो हे आधीपासून माहीत आहे, फक्त पुढचं चक्र नीट पार पडत नाही. मग ड्रममध्ये दोन्ही डासांच्या अळ्या एकत्र वाढत असतील तर घरमालकावरून भाडेकरूचं नाव कसं लिहायचं?

मुलींनी हा प्रश्न मला विचारला नाही, मी त्यांना विचारला, आणि त्यावर एकीने शांतपणे म्हटलं, "मग सिक्वेन्सिंग करूया ना." म्हणजे परजीवीचा डीएनएच वाचूया. एका रिअॅक्शनला काहीशे रुपये लागतात, प्रोजेक्टचं बजेट तुटपुंजं, पण बरोबर होतं तिचं.

हे सगळं कशासाठी असं कुणी विचारेल, डासांच्या पोटातल्या एका किड्याच्या नावासाठी एवढी यातायात का. तर एक मोठं कारण पुण्यातलं आहे. राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलं की चिकनगुनियाचा विषाणू अॅस्कोग्रेगॅरिना क्युलिसिसच्या ऊसिस्टबरोबर टिकू शकतो आणि त्या ऊसिस्टमधून नव्या अळ्यांपर्यंत पोचू शकतो. म्हणजे साथ थांबल्यावर विषाणू कुठे दडतो ह्या प्रश्नाचं एक उत्तर ह्या लिंबाएवढ्या, नव्हे लिंबाच्या आकाराच्या, दहाएक मायक्रॉनच्या कणात असू शकतं. आपल्याकडे १९७३ मध्ये बार्शीला चिकनगुनियाची साथ आली होती, मग तीसेक वर्षं शांतता, आणि २००५-०६ मध्ये परत देशभर भडका. ऊसिस्टच ह्याचं कारण असं मी म्हणत नाहीये, पण हा धागा तपासायचा असेल तर आधी समोरचा परजीवी नक्की कुठला ते कळायला हवं. चुकीच्या नावाखाली जमा झालेला डेटा पुढे कुणाच्याच कामाचा नसतो.

पहिला प्रयत्न आम्ही घाईत केला. अख्खं आतडं घेतलं, डीएनए काढला, आणि सगळ्या युकॅरिओटना, म्हणजे पेशीत केंद्रक असलेल्या जीवांना, चालतात ते १८एसचे प्रायमर लावले, प्रायमर म्हणजे हवा तो जीन पकडून देणारे डीएनएचे छोटे तुकडे. १८एस म्हणजे रायबोसोमच्या छोट्या भागाचा जीन, प्रत्येक युकॅरिओटमध्ये असतो, काही तुकडे कोट्यवधी वर्षांत जवळजवळ न बदललेले आणि मधले तुकडे बदलणारे, त्यामुळे लांबच्या नातेवाइकांची तुलना करायला सोयीचा. जेलवर बँड इतका सुंदर आला की दोघींनी फोटो काढून घरी पाठवले. पीसीआरचं उत्पादन, म्हणजे त्या जीनच्या वाढवलेल्या प्रती, थर्माकोलच्या डब्यात बर्फात ठेवून ट्रान्स-हार्बर लोकलने सिक्वेन्सिंगसाठी ठाण्याला पोचवलं, चार दिवसांनी फाइल आली, क्रोमॅटोग्राम, म्हणजे वाचलेल्या एकेका बेसचा (डीएनएच्या अक्षराचा) आलेख, स्वच्छ, एकेक शिखर वेगळं. ब्लास्टला, म्हणजे आपला सिक्वेन्स जगभरच्या नोंदींशी जुळवून बघणाऱ्या प्रोग्रामला, लावलं. पहिला मॅच: एडीस एजिप्टाय.

म्हणजे आम्ही डासाचाच जीन वाचून आणला होता. साहजिकच आहे, आतड्यात डासाच्या पेशी हजारोंनी आणि परजीवी वीसतीस, दोघांनाही चालणारा प्रायमर टाकला की ज्याचं डीएनए जास्त तोच जिंकतो. वाईट वाटलं खरं, पण मुलींना तिथे बसवून एक गोष्ट मी नीट दाखवली: सिक्वेन्स अजिबात खोटा नव्हता, उत्तम दर्जाचा होता, फक्त तो आमच्या प्रश्नाचं उत्तर नव्हता. स्वच्छ क्रोमॅटोग्राम बघून आपण परजीवी वाचला असं मानलं असतं आणि ब्लास्टची यादी नीट बघितली नसती तर काय झालं असतं?

दुसऱ्या फेरीत काम परत सुईकडे आलं. काच तापवून ओढून केसासारखी बारीक केशनळी बनवली, त्याने ट्रोफोझोइट एकेक करून उचलायचा, सलाइनच्या नव्या थेंबात सोडायचा, तिथून परत उचलून तिसऱ्या थेंबात, असं पाच थेंब धुवायचा. एक अळी संपवायला दीड तास. धुताना ते सरकतच असतात त्यामुळे एक फायदा होतो, जो सरकतोय तो जिवंत ट्रोफोझोइट आणि जो पडून आहे तो आतड्याचा तुकडा असू शकतो, म्हणून फक्त सरकणारेच घ्यायचे असा नियम केला. प्रायमर पण बदलले, ग्रेगॅरीन ज्यात मोडतात त्या एपिकॉम्प्लेक्सा गटाकडे झुकणारे घेतले, आणि १८एसबरोबर आयटीएस हा तुकडाही घेतला. आयटीएस म्हणजे १८एस, ५.८एस आणि २८एस ह्यांच्या मधल्या जागा, त्यांच्यावर रायबोसोमच्या रचनेचं फारसं बंधन नसतं म्हणून त्या भराभर बदलतात, आणि क्युलिसिस-तैवानेन्सिससारखे सख्खे भाऊ वेगळे करायला त्याच उपयोगी पडतात. ह्या दोघांना आयटीएसवरून पीसीआरने वेगळं करायची पद्धत २००५ पासून छापलेली आहे, आम्ही काही नवं शोधत नव्हतो.

ह्याच काळात दुसरी जागा धरली होती, बेलापूरला पारसिक डोंगराच्या पायथ्याशी, झाडी दाट, सावलीत पडलेला एक प्लास्टिकचा पिंप, पालापाचोळ्याने पाणी चहासारखं झालेलं. अशा झाडीत अल्बोपिक्टस असणारच. अळ्या वेगळ्या करायच्या तर आठव्या खंडावरचे कंगव्यासारखे बारीक खवले बघायचे, एजिप्टायच्या खवल्याला मधल्या काट्याच्या दोन्ही बाजूंना ठळक दाते असतात, त्रिशूळासारखे, अल्बोपिक्टसचा खवला म्हणजे साधा एकच काटा. चाळीसच्या लेन्सखाली फोकस वरखाली करत बघावं लागतं आणि बाराव्या-तेराव्या अळीनंतर डोळे थकतात.

आणि इथे घोळ झाला. बेलापूरच्या अळ्यांच्या नळ्यांवर मार्करने आकडे लिहिले होते, परमनंट मार्करने. बाहेरून अल्कोहोल सांडलं आणि सातची शाई आणि नऊची शाई दोन्ही फराटा होऊन गेल्या. वहीप्रमाणे सात नंबर एजिप्टाय आणि नऊ नंबर अल्बोपिक्टस. एक मुलगी रडवेली झाली. मी रागावले नाही, कारण पेन्सिलने कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून तो चिटोरा नळीच्या आत टाकायचा, अल्कोहोलमध्ये ग्रॅफाइट पुसत नाही, ही जुनी रीत मी सांगायला हवी होती आणि सांगितली नव्हती.

ह्यातून बाहेर पडायची वाट मात्र आधीच्या त्रासातूनच मिळाली. कितीही धुतले तरी ट्रोफोझोइटच्या डीएनएमध्ये डासाचा अंश राहतोच. मग तोच वापरू. त्याच नळीतून डासाचा सीओआय जीन वाढवला, मायटोकाँड्रियामधला तो साडेसहाशे बेसांचा तुकडा, २००३ मध्ये प्राण्यांचा बारकोड म्हणून जो सुचवला गेला आणि आज सगळीकडे वापरतात. एकाच नळीतून दोन उत्तरं: सीओआय सांगतो घर कुणाचं, आयटीएस सांगतो राहतो कोण. मला हा ह्या अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात आवडता दिवस वाटतो, कारण तिथून पुढे आम्ही वहीतल्या नावावर अवलंबून राहिलो नाही.

निकाल आले तेव्हा कोपरखैरण्याचे सगळे सरळ होते, घर एजिप्टाय, आत क्युलिसिस. म्हणजे त्या दिवशीची वहीतली ओळ शेवटी बरोबरच निघाली, पण ती आता पुराव्यासकट बरोबर आहे. बेलापूरच्या दोन फराटा नळ्यांपैकी एक अल्बोपिक्टस आणि आत तैवानेन्सिस, ठीक. दुसरी एजिप्टाय, आणि तिच्या आयटीएसचा क्रोमॅटोग्राम सुरुवातीला स्वच्छ, मग एका जागेपासून पुढे प्रत्येक ठिकाणी दोन-दोन शिखरं एकावर एक. असं दिसलं की बहुतेक दोन वेगळ्या लांबीचे तुकडे एकत्र वाचले जात असतात, एकात एखादा बेस जास्त असला की तिथून पुढे सगळी ओळ सरकते, दोन जणांनी एकच श्लोक एक शब्द मागेपुढे म्हणावा तसं. कारणं दोन असू शकतात. रायबोसोमच्या जीनच्या एकाच पेशीत अनेक प्रती असतात आणि त्या थोड्या वेगळ्या असू शकतात, किंवा मग अळीत खरंच दोन जाती आहेत.

ब्लास्टने त्या गोंधळालाही एक नाव देऊन टाकलं, क्युलिसिस, कारण ब्लास्ट काहीतरी जवळचं दाखवतोच, ते त्याचं काम आहे. म्हणून मुलींना सांगितलं, सगळ्यात वरचं नाव उचलायचं नाही, आपल्या सिक्वेन्सचा किती भाग जुळलाय ते बघायचं, दुसऱ्या-तिसऱ्या मॅचमध्ये आणि पहिल्यात किती फरक आहे ते बघायचं, आणि ती एंट्री कुणी कुठल्या डासातून टाकली तेही, कारण जेनबँकमध्येही, म्हणजे सिक्वेन्सच्या त्या सार्वजनिक साठ्यात, कुणीतरी घरमालकावरून नाव लिहिलेलं असू शकतं आणि मग आपण गोल फिरून त्याच चुकीवर येतो.

सुदैवाने त्या अळीचे काही ट्रोफोझोइट एकेकटे वेगळ्या नळ्यांत ठेवले होते. एका पेशीवर पीसीआर म्हणजे जुगारच, पहिल्या दोन वेळा जेल कोरं आलं. तिसऱ्या वेळी पाचपैकी तीन चालले. दोन क्युलिसिस, एक तैवानेन्सिस, तिन्ही क्रोमॅटोग्राम स्वच्छ, दुहेरी शिखर एकही नाही. एकाच एजिप्टाय अळीच्या आतड्यात दोघं शेजारी सरकत होते.

आता प्रश्न आला की तैवानेन्सिस एजिप्टायमध्ये नुसता शिरलाय की नांदतोयही. त्यासाठी त्याचं पुढचं आयुष्य बघावं लागतं. अळीने ऊसिस्ट खाल्ला की त्यातून आठ स्पोरोझोइट, म्हणजे नवे कोवळे परजीवी, निघतात, आतड्याच्या पेशींत घुसतात, वाढून पोकळीत येतात, आणि अळीचा कोश झाला की तिथून निघून मालपिघी नलिकांमध्ये जातात, म्हणजे डासाच्या मूत्रपिंडासारख्या त्या पाच नळ्या. तिथे दोघंदोघं जोडीने गोल होतात आणि ऊसिस्ट बनवतात. डास कोशातून बाहेर येताना, अंडी घालताना किंवा पाण्यात मरून पडला की ऊसिस्ट पाण्यात, आणि पुढच्या अळ्या ते खातात. वॉचमनकाकांच्या ड्रममध्ये हेच चालू होतं, न रिकामा होता.

म्हणून त्याच बेलापूरच्या पिंपातल्या उरलेल्या अळ्या जाळीच्या डब्यात वाढवल्या, डास झाले, छातीवरच्या खुणेवरून वेगळे केले, एजिप्टायच्या वीणेसारख्या पांढऱ्या रेषा आणि अल्बोपिक्टसची मधोमध एकच रेघ. मोठ्या डासात ओळख किती सोपी होते. त्यांच्या मालपिघी नलिका काढल्या, काहींत लिंबं ठासून भरलेली, नळी जाड होऊन काळपट दिसते इतकी. ऊसिस्टचं कवच मजबूत, नेहमीच्या किटने डीएनए निघेना, बारीक काचेच्या मण्यांबरोबर हलवून फोडावे लागले. जेवढ्या एजिप्टायमध्ये ऊसिस्ट मिळाले त्या सगळ्यांचा आयटीएस क्युलिसिसचा निघाला. डास मोजकेच होते, त्यामुळे ह्यावर फार मोठा दावा आम्ही केला नाही, पण प्रयोगशाळेत जे आधी दिसलंय त्याच्याशी हे जुळतं.

ह्यामुळे रिपोर्टचा तक्ता बदलला. आधी रकाने दोन होते, डास आणि परजीवी. आता पाच झाले: डास कशावरून ओळखला, परजीवी कुठल्या अवस्थेतला, कुठल्या अवयवातून काढला, कुठला जीन वाचला, आणि एका पेशीवरून की अनेकांवरून. अळीच्या आतड्यातून मिळालेलं नाव म्हणजे कोण आत शिरलं, आणि मालपिघी नलिकेतून मिळालेलं नाव म्हणजे कोणाचा वंश पुढे गेला. विषाणू ऊसिस्टबरोबर पुढे जातो का हे कुणी उद्या इथे बघायला आलं तर त्याला ह्यातलं दुसरं नाव लागेल, पहिलं नाही.

१८एसचं झाडही, म्हणजे कोण कुणाच्या किती जवळचं ह्याचा वंशवृक्ष, काढलं, मुलींना हौस होती आणि मलाही. १८एस सतराशेच्या आसपास बेसांचा, सँगर पद्धतीच्या एका वाचनात सातआठशे नीट येतात, म्हणून दोन्ही टोकांनी आणि मधून असं वाचून जोडलं. ग्रेगॅरीनचे १८एस भराभर बदललेले असतात, फांद्या लांब होतात, आणि दोन लांब फांद्या नातं नसताना एकमेकींना चिकटतात हा त्यातला जुना धोका. तरी आपले दोघं डासवाले शेजारीच बसले. वाळूमाशीतले ग्रेगॅरीन, जे पूर्वी ह्याच अॅस्कोग्रेगॅरिना वंशात होते, ते लांब गेले, आणि २००९ मध्ये त्यांना सायकोडिएला हा वेगळा वंश का दिला गेला ते आमच्या साध्या झाडातही दिसलं. आणि बाहेरचा नातेवाईक म्हणून जो क्रिप्टोस्पोरिडियम घेतला होता, माणसाला जुलाब लावणारा तोच, तो कॉक्सिडियांकडे, म्हणजे एपिकॉम्प्लेक्सातल्याच दुसऱ्या शाखेकडे, न जाता ग्रेगॅरीनांकडे झुकला, जे १९९९ मध्ये ह्याच जीनवरून पहिल्यांदा सांगितलं गेलं होतं. एका मुलीने स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, "म्हणजे ड्रममधला हा आणि बाळांना जुलाब लावणारा तो, भाऊभाऊ?" भाऊ नाही, पण एका घराण्यातले नक्की.

कोपरखैरण्याचा ड्रम सप्टेंबरच्या शेवटी सोसायटीने आमच्या सांगण्यावरून घासून, उन्हात दोन दिवस वाळवून परत ठेवला, वर नीट बसणारं झाकण आलं. नुसतं पाणी ओतून दिलं असतं तर कडेला चिकटलेली अंडी आणि तळाचा गाळ तसाच राहिला असता, म्हणून घासायचा आग्रह धरला. ऑक्टोबरमध्ये गेलो तेव्हा त्यात एकही अळी नव्हती. बेलापूरचा पिंप अजून तिथेच आहे. त्याच्यातल्या अकरा नळ्या फ्रीझरमध्ये आहेत, ह्यावेळी आत पेन्सिलच्या चिटोऱ्यांसकट, आणि त्यातल्या एजिप्टायच्या चार अळ्यांचे एकेकटे ट्रोफोझोइट पुढच्या बॅचच्या मुलांनी वाचायला घेतले आहेत.